फ्लीस इनचा बाक आणि अहेरीचे मडके : वारसा कोणाचा, गुन्हा कोणाचा?

१/
गेल्या उन्हाळ्यात आपल्या इतिहासप्रेमी मंडळींपैकी एकाने इंग्लंडमधल्या एका जुन्या पबची छायाचित्रे टाकली होती. काळवंडलेल्या तुळया, दगडी फरशी, भिंतीलगतचे लाकडी बाक, धगधगती शेकोटी. खाली प्रतिसादांची रांग लागली : वारसा जपावा तो यांनीच, आपल्याकडे काय आहे? त्याच आठवड्यात गडचिरोलीत मोहसडवा नष्ट केल्याची एक बातमीही याच मंडळींत फिरली. तिच्याखालचा सूर वेगळा होता : हे लोक पिढ्यान्‌पिढ्या दारूतच बुडालेले. मी अहेरीचा आहे. या दोन सुरांमधले अंतर हा या धाग्याचा विषय.

२/
माझे म्हणणे आरंभीच मांडतो. त्या पबचा आजचा मान आणि आमच्या मडक्याची आजची बदनामी, दोन्ही एकाच साम्राज्याने, एकाच शतकात, दोन वेगळे कायदे करून घडवल्या. पहिल्याचे कौतुक आणि दुसऱ्याची कुचेष्टा करणारा माणूस इतिहास वाचत नसतो. तो जुन्या आबकारी खात्याचे मत स्वतःचे म्हणून सांगत असतो. हा धागा मद्यपानाच्या समर्थनासाठी लिहिलेला नाही. १९९३ च्या दारूबंदीबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. रागावण्यापूर्वी तेथपर्यंत यावे.

३/
आधी त्या पबकडे जाऊ. इंग्लंडच्या वुस्टरशायर परगण्यात ब्रेटफर्टन नावाचे खेडे आहे. तेथील ‘फ्लीस इन’ हे मुळात मध्ययुगीन शेतघर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचा पब झाला आणि तो एकाच कुटुंबाकडे राहिला. कुटुंबातील शेवटच्या मालकिणीने १९७७ मध्ये ते घर नॅशनल ट्रस्ट या वारसा-संस्थेच्या स्वाधीन केले. शेकोटीच्या वाटेने चेटकिणी आत येऊ नयेत म्हणून जमिनीवर काढायची पांढरी वर्तुळे तेथे आजही राखली जातात. २००४ मध्ये आग लागली, तेव्हा ती वास्तू पुन्हा जपून उभी करण्यात आली.

४/
अशा पबांना इंग्रज ‘न बिघडलेला अंतर्भाग’ असलेले पब म्हणतात. याचा अर्थ काय, तर आतली मांडणी जुनीच राहिली. काही ठिकाणी पेल्यांचा ओटासुद्धा नसतो. तळघरातल्या पिंपातून बिअर भांड्यात काढून आणतात आणि घराच्या बैठकीत बसलेल्यांना वाढतात. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या संघटनेने अशा पबांची राष्ट्रीय सूचीच तयार केली आहे. बाक, लाकडी आडोसा, वाढण्याची खिडकी, या सगळ्यांची त्यात नोंद होते. अनेक पबांना वास्तुसंरक्षण कायद्याचे कवचही आहे.

५/
या कामाबद्दल मला आदर आहे. पब हा शब्द ‘पब्लिक हाउस’चा संक्षेप, म्हणजे सर्वांसाठी उघडे असलेले घर. माणसे तेथे केवळ पिण्यासाठी जात नाहीत, एकमेकांना भेटायला जातात, ही गोष्ट इंग्रजांनी ओळखली आणि ती खोली जपली. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये आपल्या आवडत्या पबवर एक निबंध लिहिला. निबंधाच्या शेवटाकडे त्यांनीच कबूल केले की असा पब अस्तित्वात नाही. वारशात थोडी कल्पनाही मिसळलेली असते, हे त्यांना ठाऊक होते. आपणही ते लक्षात ठेवू.

६/
आता खरा प्रश्न. शेतकऱ्याच्या घरातली एक खोली पब कशी होते? उत्तर १८३० च्या बिअरहाउस कायद्यात आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जिन या मद्याने हाहाकार माजवला होता. हॉगार्थची १७५१ ची ‘जिन लेन’ आणि ‘बिअर स्ट्रीट’ ही जोडचित्रे त्याचीच साक्ष. जिनपेक्षा घरगुती बिअर बरी, आणि बड्या बिअर-उत्पादकांची मक्तेदारीही मोडावी, असा विचार झाला. कायद्याने कोणाही करदात्या गृहस्थाला वर्षाला दोन गिनी भरून आपल्या घरात बिअर गाळण्या-विकण्याची मुभा दिली. काही महिन्यांतच हजारो घरांचे दरवाजे उघडले.

७/
हा कायदा झाला तेव्हा इंग्लंडचा पंतप्रधान कोण होता? ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हणजे आपला जुना परिचित आर्थर वेलस्ली. १८०३ च्या सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा, नोव्हेंबरात अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचे बळ मोडणारा तोच सेनापती. त्या वेळी चांदा आणि त्यामागचे अहेरीचे अरण्य याच भोसल्यांच्या राज्यात होते. सत्तावीस वर्षांनी त्याच गृहस्थाच्या सरकारने इंग्रज खेडुताला घरात मद्य करण्याचा परवाना सोपा करून दिला.

८/
पुढचा क्रम आपल्याला ठाऊक आहे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८५८ मध्ये मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी याच मुलखात बंड उभारले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. बंडाचा इतिहास आपण आवडीने वाचतो, वाचायलाच हवा. पण बंड मोडल्यानंतर राज्यसत्ता या अरण्यात कोणत्या वाटेने शिरली? जंगल खात्याच्या आणि आबकारीच्या वाटेने. त्या वाटेवर तोफ वाजली नाही, म्हणून आपले धागे तेथपर्यंत पोहोचत नाहीत.

९/
आता मोहाचे झाड. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने झडतात आणि मांसल, फिकट पिवळी फुले पहाटे टपाटप जमिनीवर पडू लागतात. बाया-मुले उजाडण्याआधी टोपल्या घेऊन निघतात. फूल वाळवून साठवतात. ते खाल्ले जाते, भाजून, शिजवून, इतर धान्याबरोबर. दुष्काळात तर त्याने जीव वाचवले आहेत. बियांचे तेल निघते. गुरांनाही फूल घालतात. दारू हा या फुलाच्या अनेक उपयोगांपैकी एक. हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण कायद्याने याच फुलाकडे केवळ दारूचा कच्चा माल म्हणून पाहिले.

१०/
दारू कशी करतात? वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबू देतात, हाच सडवा. मग मडके चुलीवर चढते, त्यातली वाफ थंड करून थेंबाथेंबाने दुसऱ्या भांड्यात उतरवतात. पहिला थेंब पूर्वजांचा, पेनांचा, मग माणसांचा. जन्म, लग्न, मरण, पेरणी, नवे खाणे, भांडण मिटवणे, यांत तिचे स्थान ठरलेले. कधी प्यायची आणि कोणापुढे ठेवायची याचे नियम गावाचे. ब्रेटफर्टनची चेटकिणीची वर्तुळे पाहून आपण हरखतो आणि पूर्वजांना वाहिलेला थेंब पाहून अंधश्रद्धा म्हणतो. हा निकष कोणता?

११/
येथे मी स्वतःच्या पक्षाविरुद्ध बोलले पाहिजे. इंग्रजांपूर्वी सगळे गोड होते असे मुळीच नाही. मद्यावर कर आधीही होता. ‘आबकारी’ हा शब्दच फारसी आहे. कलाल ही मद्य गाळणाऱ्यांची जात आधीपासून होती. पेशव्यांनी मद्यावर निर्बंध घातले होते. अरण्यातही माणसे अति पीत असतील, भांडत असतील. रम्य भूतकाळ रंगवून काही साध्य होत नाही. माझा मुद्दा मोजका आहे : घरातल्या चुलीवर स्वतःपुरते मद्य गाळणे हाच गुन्हा ठरवून संपूर्ण व्यवहार मक्त्याखाली आणणारी यंत्रणा एकोणिसाव्या शतकात उभी राहिली.

१२/
मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला. आबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांच्या कारकिर्दीत तो कसोशीने राबवला गेला. विखुरलेल्या भट्ट्या बंद करायच्या, मद्य केंद्रीय भट्टीतच गाळायचे, तेथेच जकात घ्यायची, विक्रीचा मक्ता लिलावाने द्यायचा. हिशेबाच्या दृष्टीने योजना सुटसुटीत होती. परंतु तिचा अर्थ असा की ठाण्याच्या वारली-कातकऱ्याने स्वतःच्या झाडाचे फूल स्वतःच्या मडक्यात गाळले, तर तो गुन्हेगार. आणि तेच मद्य मक्तेदाराकडून चढ्या भावाने विकत घेतले, तर तो कायदेशीर ग्राहक.

१३/
तरीही घरोघरी दारू गाळली जात राहिली. मग सरकार फुलापर्यंत गेले. १८९२ मध्ये मुंबई सरकारने खास मोहफुलांसाठी कायदा केला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर निर्बंध आणले. गरिबाचे खाणे आहे, असे आक्षेप घेतले गेले. महसुलापुढे ते टिकले नाहीत. झाडावरून आपोआप पडणारे फूल उचलून घरी ठेवण्यास सरकारची अनुमती लागावी, हा प्रसंग आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. मिठाचा कायदा आहे. मोहाचा नाही. दोन्हींत तत्त्व एकच होते.

१४/
अहेरी मुंबई इलाख्यात नव्हती. ती मध्य प्रांतात, चांदा जिल्ह्यातली जमीनदारी होती. येथे पद्धत निराळी, दिशा तीच. एखाद्या टापूतील भट्टी चालवण्याचा आणि विक्रीचा हक्क लिलावात द्यायचा, ही एक रीत. मोठ्या भट्टीतून ठेकेदारामार्फत पुरवठा करायचा, ही दुसरी. १९०५-०६ च्या भारतीय आबकारी समितीनंतर ठेकेदारी पुरवठ्यावर भर वाढला आणि १९१५ मध्ये मध्य प्रांताचा स्वतंत्र आबकारी कायदा झाला. पाड्यावरची चूल आणि नागपूरचे दप्तर यांच्यामध्ये ठेकेदार उभा राहिला.

१५/
याचा पुरावा आपल्या भाषेतच आहे. दारूच्या अड्ड्याला मराठीत ‘गुत्ता’ म्हणतात. गुत्ता या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता, ठेका. मराठवाड्यात आजही रस्त्याच्या ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. प्राणहिता ओलांडून तेलंगणात गेलात तर तेथेही हा शब्द भेटतो. म्हणजे दारू पिण्याच्या जागेसाठी आपल्याला जो शब्द सुचला, तो बसण्यावरून, भेटण्यावरून वा पेयावरून आलेला नाही. तो लिलावावरून आला. इंग्रज आपल्या जागेला ‘सर्वांचे घर’ म्हणाला आणि आपण आपल्या जागेला ‘ठेका’ म्हणालो. यातच अर्धा इतिहास आला.

१६/
आता दोन्ही कायदे शेजारी ठेवा. १८३० : मक्तेदारी मोडण्यासाठी सामान्य माणसाच्या घरात मद्य करण्यास परवानगी. १८७८ : मक्तेदारी उभारण्यासाठी सामान्य माणसाच्या घरातील मद्यावर बंदी. राज्यकर्ते एकाच देशाचे, अंतर ४८ वर्षांचे. १८६९ नंतर इंग्लंडमध्येही परवाने आवळले गेले, हे खरे. परंतु तोवर ती घरे पब म्हणून रुजली होती. म्हणून आज जपायला खोली उरली. आमच्याकडे जे रुजलेले होते, ते कायद्याने अंधारात ढकलले. लपून केलेल्या गोष्टीचा ‘न बिघडलेला अंतर्भाग’ कसा उरणार?

१७/
पुढे काय झाले ते डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात आणि इंद्रा मुन्शी यांनी वसाहतकालीन दारूच्या इतिहासावर लिहून दाखवले आहे. मक्त्याची दारू महाग. ती उधारीवर मिळे. उधारी फिटली नाही की जमीन जाई. दक्षिण गुजरातेत दारूविक्रेते सावकार आणि मग जमीनमालक झाले. यानंतर सरकारी अहवालांत ‘मद्यपी, आळशी, उधळ्या आदिवासी’ दिसू लागतो. ज्या यंत्रणेला दारूच्या खपातून महसूल हवा होता, तिनेच पिणाऱ्याच्या स्वभावावर ठपका ठेवला. तो ठपका आज तुमच्या प्रतिसादांत आहे.

१८/
आदिवासींनी हे निमूट सोसले काय? १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून एका देवीची वार्ता डोंगराकडे चढत गेली. देवी अंगात येई आणि सांगे : दारू सोडा, ताडी सोडा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. नाशिक, डांग, सुरतेपर्यंत हजारोंनी ते ऐकले. ही दारूबंदी कोणा साहेबाने वा सुधारकाने शिकवलेली नव्हती. शहरातही आवाज उठला होता. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. महसुलासाठी दुकान वाढते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

१९/
स्वातंत्र्यानंतर काय बदलले? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि विदर्भ मुंबई राज्यात सामील झाल्यावर तो येथेही लागू झाला. त्यात मोहफुलांसाठी स्वतंत्र तरतूद होती. १८९२ चे भूत नव्या कागदावर आले. पुढे १९७३ च्या नियमांनुसार देशी दारूची परवानाधारक दुकाने फोफावली. ही दारू बहुतांशी ऊसाच्या मळीपासूनची. म्हणजे अरण्यातील माणसाने आपल्या झाडाचे फूल गाळले तर अटक, आणि ऊसपट्ट्यातील मळीची बाटली दुकानातून घेतली तर पावती. झेंडा बदलला, हिशेबाची वही तीच राहिली.

२०/
आता सर्वांत मोठा आक्षेप. मला तो आमच्याच गावातल्या एका मावशींनी तोंडावर सुनावला आहे : “तुला वारसा सुचतो, मार आम्ही खाल्ला.” याला उत्तर देण्याचा मला अधिकार नाही, ऐकण्याचे कर्तव्य आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली ती वरून आली नाही. गावोगावच्या स्त्रियांनी, ग्रामसभांनी, कार्यकर्त्यांनी, डॉ. अभय व राणी बंग यांच्यासारख्यांनी काही वर्षे चाललेल्या लोकचळवळीतून ती मिळवली. २०१५ मध्ये चंद्रपुरात बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीची टिकून आहे.

२१/
या चळवळीशी माझ्या म्हणण्याचा विरोध नाही. त्या स्त्रियांचा रोष आधी कोणावर होता? परवान्याच्या दुकानावर, म्हणजे गुत्त्यावर. देवीच्या अनुयायांचा आणि फुल्यांचा रोष होता त्याच ठिकाणी. आज गूळ, नवसागर घालून पिंपांनी सडवा लावणाऱ्या आणि तो विकणाऱ्या हातभट्ट्या आहेत. त्या फोडणाऱ्या गावच्या महिलांचे मी अभिनंदनच करीन. विक्रीसाठी लावलेला तो सडवा आणि पूर्वजांच्या नावाने काढलेले एक भांडे, यांतला फरक गावाला कळतो. कायद्याच्या कलमाला तो कळत नाही, आणि आपल्या प्रतिसादांनाही नाही.

२२/
मग निर्णय कोणी करावा? धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने याचे उत्तर शोधले. या गावाची ग्रामसभा देशभर प्रसिद्ध आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे ते अग्रणी गाव. त्या ग्रामसभेच्या घडणीत दारूचा प्रश्न आरंभीच्या काळातच होता. स्त्रियांनी तो मांडला, गावाने दीर्घ चर्चा केली आणि बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेतला. म्हणजे ज्या समाजाला आपण दारूत बुडालेला म्हणतो, त्याने दारूच्या प्रश्नावरून स्वराज्याचा धडा गिरवला.

२३/
हा धडा कायद्यातही उतरला आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा अथवा त्यांची विक्री व सेवन यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती असावा, असे सांगतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. अहेरी तालुका याच क्षेत्रात मोडतो. म्हणजे १८७८ पासून दप्तराने, मक्तेदाराने आणि मंत्रालयाने हाताळलेला प्रश्न कायद्याने निदान कागदावर तरी गावाकडे परत दिला. शेजारच्या छत्तीसगडात आदिवासींना घरगुती वापरापुरती मोहदारू करण्याची मुभा आहे. आमचे जिल्हे बंदी पसंत करतात. दोन्ही गोष्टी चालतील. ठरवणारा हात गावाचा हवा.

२४/
दुसरा धोका गोड वेषात येतो. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा-पेय ठरवले. मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ नाव देऊन बाटलीत भरले. त्यातून आदिवासी बचतगटांना उत्पन्न मिळत असेल तर चांगलेच आहे. पण अहेरीबाबत ‘आपणही ब्रँड करू’ असे कोणी उत्साहाने म्हणाले की मला धडकी भरते. फूल आमचे, लेबल शहराचे, परवाना तिसऱ्याचा. लिलावाच्या जागी निविदा आली, एवढाच फरक. वारशाच्या नावाने उघडलेला गुत्ताही गुत्ताच.

२५/
तिसरा आक्षेप चतुर आहे : पब ही वास्तू, मोह हे पेय, तुलना कशी करता? ठीक, वास्तूच घ्या. एटापल्ली, भामरागडच्या माडिया गावांत गोटुल असते. सभा तेथे, न्याय तेथे, पाहुण्याचा मुक्काम तेथे, तरुणांचे एकत्र येणे तेथे. ‘सर्वांसाठी उघडे असलेले घर’ या व्याख्येत इतकी नेमकी बसणारी वास्तू दुसरी कोणती? पण बाहेरच्यांनी तिच्याविषयी चवीने गावगप्पा पसरवल्या, आणि विकासाने तिच्या जागी सिमेंटचे समाजमंदिर दिले. तिच्या लाकडी खांबांची, बसण्याच्या मांडणीची, चुलीच्या जागेची सूची आपल्यापैकी कोणी केली आहे काय?

२६/
म्हणून तरुण मित्रांनो, तीन मागण्या. पहिली : ‘पिढ्यान्‌पिढ्या दारूतच’ हे वाक्य पुन्हा लिहिण्याआधी १८७८, १८९२ आणि १९१५ ही तीन वर्षे आठवा. दुसरी : किल्ल्यांच्या मोहिमांत जितका उत्साह दाखवता, त्यातला थोडा गोटुलच्या आणि मोहाच्या नोंदीकडे वळवा, मात्र ग्रामसभेला विचारून, तिच्या भाषेत, तिच्या अटींवर. तिसरी : दारूबंदीच्या इतिहासातली स्त्रियांची बाजू आधी लिहा, मग वारशाची. हा क्रम उलटा केला तर माझ्या या धाग्याचाही गैरवापर होईल, याची मला जाणीव आहे.

२७/
इंग्लंडला गेलात तर फ्लीस इन अवश्य पाहा. त्या बाकावर बसा आणि ही खोली कोणत्या कायद्यामुळे उरली ते आठवा. मग चैत्रात अहेरीला या. पहाटे आलापल्लीच्या वाटेवर, मोहाखाली फुले वेचणाऱ्या बाया दिसतील. प्यायला काही मागू नका. जिल्ह्यात बंदी आहे आणि ती आमच्या आयाबहिणींनी मिळवली आहे. वाळवणीतले एखादे फूल मागा, ते हसत देतील. ते चावून पाहा, गोड लागेल. याच फुलासाठी कोणे एके काळी पंचनामे झाले होते, एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

धागा समाप्त. आक्षेप असतील तर खाली लिहा. मावशींचे आधी वाचीन.